तान्हा पोळा आणि मुलांचे मन

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. आमच्या कोहमाऱ्यातही चाकांचे लाकडी नंदी घेऊन पोरे निघतात. पाहणाऱ्यांना ती निव्वळ मौज वाटते. मला त्यात बालमानसशास्त्राचा एक धडा दिसतो.

मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन विदुषीने १९३२ साली मुलांच्या खेळाच्या पायऱ्या मांडल्या. मूल आधी एकटेच खेळते. मग दुसऱ्याच्या शेजारी, पण आपलेच. पुढे देवघेव आणि अखेरीस नियमांचा, वाटणीचा सामूहिक खेळ येतो. तान्ह्या पोळ्यात या पायऱ्या एकाच रांगेत उभ्या असतात! दोन वर्षांचा चिमुकला नंदीचे कान ओढण्यात दंग. तीन वर्षांची दोघे शेजारी उभी, पण आपापल्या बैलाशी बोलणारी. सहा-सात वर्षांची टोळी मात्र बोजारा कसा वाटायचा यावर तावातावाने भांडणारी. हे भांडण मोठ्यांनी लगेच मोडू नये, असे माझे मत आहे. न्याय म्हणजे काय, हे मूल तेथेच शिकते. (अर्थात डोकी फुटेपर्यंत वाट पाहू नये.)

घरातली नातीही नंदीत उतरतात. थोरल्याचा नंदी धाकट्याकडे येतो. रंग नवा, बैल जुना. धाकटा रुसणारच! थोरल्या बहिणीच्या कडेवर मात्र कित्येकदा तान्हे भावंड असते आणि तिचा खेळ तेथेच थांबतो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी हे नेमके हेरले होते. कोसबाडच्या विकासवाडीत त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. धाकटे पाळणाघरात गेले, की थोरलीचे हात मोकळे.