घरच्या कामास मीटर कोणता घ्यावा?

आमच्या सोलापुरांत चादर व टॉवेल यांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चादर कितीहि सुबक असली तरी जाणतें गिऱ्हाईक आधीं तिची लांबी-रुंदी मोजतें व वजन पाहतें. नुसत्या नजरेवर विसंबत नाहीं. मग विजेच्या कामांतच आपण अंदाजावर कां चालावें?

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी आमचेकडे आला. घरीं आजी अंथरुणास खिळलेली, बाहेर चाळीस अंशांवरचें ऊन, आणि तिच्या खोलींतील पंखा रखडत फिरत होता. एका कारागिरानें ‘मोटारीचें वाइंडिंग गेलें, पुन्हां भरावें लागेल’ असें सांगितलें होतें. मुलास संशय होता तो कपॅसिटरचा. कारागीर लोक त्यासच कंडेन्सर म्हणतात. वर्षभर साठविलेल्या पैशांतून त्यानें बाजारांतील सर्वांत स्वस्त मीटर आणिला. परंतु त्यांत कपॅसिटर मोजण्याची सोयच नव्हती! आम्हीं शाळेच्या मीटरवर तो मोजिला. वर छापलेलें माप २.५ मायक्रोफॅरड, भरलें १.६. नवा कपॅसिटर बसवितांच पंखा पूर्ववत् फिरूं लागला. मुलाचे पैसे मात्र चुकीच्या यंत्रांत अडकले होते. इतरांचे अडकूं नयेत, म्हणून हा लेख.

मीटर घेतांना पहिला प्रश्न किंमतीचा नव्हे. आपणांस काय मोजावयाचें आहे, हा होय. घरगुती कामास उपयोगी अशीं यंत्रें तीन प्रकारचीं आहेत.

पहिलें मल्टिमीटर. इंग्लंडांतील टपालखात्याचे अभियंते डोनाल्ड मॅकेडी यांच्या कल्पनेंतून १९२३ सालीं ‘एव्होमीटर’ बाजारांत आला. अँपिअर, व्होल्ट व ओहम या तिहींच्या आद्याक्षरांनीं हें नांव बनलें. आजचे अंक दाखविणारे मल्टिमीटर हे त्याचेच वंशज होत. रोधक म्हणजे रेझिस्टर, डायोड, तुटलेली तार आणि व्होल्टेज यांची परीक्षा त्यावर होते. घेतांना कपॅसिटर मोजण्याची सोय आहे कीं नाहीं, हें अवश्य पाहावें. थोडे पैसे अधिक पडले तरी ती सोय असलेलाच मीटर घ्यावा.

दुसरें लहानसें घटक-परीक्षक यंत्र. त्याच्या खांचांत सुटा भाग अडकवून बटन दाबिलें कीं तो रोधक, कपॅसिटर, कॉइल, डायोड कीं ट्रान्झिस्टर, हें यंत्र स्वतःच ओळखतें व माप दाखवितें. हें बहुधा कांहीं शेंकडा रुपयांत मिळतें. याचा विशेष गुण असा: एल.ई.डी. दिव्यांतील किंवा चार्जरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेनें आंतून सुकतो. त्याचें माप कधीं कधीं जवळपास बरोबर भरतें, परंतु अंतर्गत रोध, ज्यास ई.एस.आर. म्हणतात, वाढलेला असतो. साध्या मल्टिमीटरला हा दोष दिसत नाहीं. या यंत्रास बहुधा दिसतो.

तिसरें एल.सी.आर. मीटर. तें घटकामधून ठरावीक कंपनसंख्येचा अल्प प्रत्यावर्ती प्रवाह सोडून व्होल्टेज व प्रवाह यांचें प्रमाण आणि त्यांतील अंतर मोजितें. इलेक्ट्रोलिटिकसाठीं १०० किंवा १२० हर्ट्झ, आणि लहान कॉइलसाठीं कित्येक हजार हर्ट्झ अशी निवड त्यांत असते. रेडिओ बांधणाऱ्यास तें मोलाचें. केवळ पंखा दुरुस्त करणाऱ्यानें त्यावर हजारों रुपये घालण्याचें कारण नाहीं.

आतां अचूकपणाविषयीं. पत्रकांत ‘±(४% + ५ अंक)’ असें लिहिलेलें असतें. मीटरनें २.५० दाखविल्यास चार टक्के म्हणजे ०.१०, आणि शेवटच्या स्थानाचे पांच अंक म्हणजे ०.०५, एकूण चूक ०.१५ पर्यंत असूं शकते. पंख्याच्या कपॅसिटरला पांच टक्के सूट असेल, तर ती ०.१२५ होते. म्हणजे नवा कपॅसिटर त्या सुटींत बसतो कीं नाहीं, हें असा मीटर खात्रीनें सांगणार नाहीं, परंतु २.५ चा १.६ झाला, हें निःसंशय सांगेल. दोष ओळखण्यास तेवढें पुरे आहे.

मीटर विकत घेतल्यावर त्याचीहि परीक्षा घ्यावी. एक टक्का सुटीचे दोन-तीन रोधक आणि एक नवा कोरडा सेल डबींत जपून ठेवावा. वरील विद्यार्थ्याचा मीटर नव्या दीड व्होल्टच्या सेलचें माप १.९ दाखवीत होता; त्याची स्वतःचीच बॅटरी उतरली होती. बॅटरी उतरली असतां कित्येक स्वस्त मीटर व्होल्टेज वाढवून दाखवितात. लहान रोध मोजतांना आधीं दोन्ही टोंकें एकमेकांस लावून येणारें माप वजा करावें, कारण तारांचाहि रोध त्यांत मिसळतो.

काटकसर करावी, पण जिवाशीं नव्हे. स्वस्त मीटर सुट्या भागांसाठीं चालतो. घरांतील २३० व्होल्टच्या तारांस तो लावूं नये. अशा कित्येक मीटरांच्या १० अँपिअरच्या खांचेमागें फ्यूज नसतो. तेथें तार राहून गेली व ती प्लगांत घातली, तर स्फोटासारखा चटका बसतो. पंखा उघडण्यापूर्वीं मुख्य स्विच बंद करावा, वडील माणूस जवळ असावें, आणि कपॅसिटरचीं दोन्ही टोंकें १० किलोओहमच्या रोधकानें जोडून त्यांतील भार उतरवावा. तो रोधक उघड्या हातानें न धरतां रबरी मुठीच्या पकडींत धरावा. भरलेला कपॅसिटर हातास झटका देतो आणि घटक-परीक्षक यंत्रास निकामी करितो.

मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर हीं सर्व यंत्रें मिळतात, आणि आपल्या नाशिकच्या मोटवाने व ऋषभ या कारखान्यांचें मापनयंत्रांत नांव आहे. सुट्या भागांसाठीं घटक-परीक्षक, आणि कपॅसिटर मोजणारा मध्यम किंमतीचा एक मल्टिमीटर, एवढी जोडी घरास पुष्कळ झाली. एकट्यास न परवडल्यास तिघां-चौघां मित्रांनीं मिळून ती घ्यावी. त्या विद्यार्थ्यानें आतां तेंच केलें आहे. आणि त्याच्या गल्लींत पंखा रखडूं लागला, कीं वाइंडिंग भरण्यापूर्वीं आधीं कंडेन्सर मोजिला जातो.