टाकी फुल्ल केली की गाडी रुसते!

पंपावर टाकी फुल्ल केली, पैसे दिले, चावी फिरवली आणि… नुसतीच घरघर. मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा मारा आणि शेजारच्या सीटवर आजी. तिची डोळ्यांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट अर्ध्या तासावर. शेवटी पंपावरच्या दोघांनी ढकलून गाडी बाजूला घेतली. ॲक्सिलरेटर दाबून धरला, तेव्हा कुठे ती खोकत खोकत सुरू झाली. महिन्याभरात हे तिसऱ्यांदा!

गाडी बाबांची, दहा वर्षं जुनी. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवाही लागलेला. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, तर कोड आला पी०१७१. म्हणजे इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. लगेच निकाल लागला, 'फ्युएल पंप गेलाय. साडेसात हजार होतील.' बाबा म्हणाले, 'त्यापेक्षा विकूनच टाकू.' मी आत्ता कुठे गाडी शिकले होते. माझा जीव खालीवर!

मैत्रिणीने हडपसरच्या एका मेस्त्रीकाकांकडे पाठवलं. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी प्रश्नच सुरू केले.

'ताई, त्रास कधी देते? सकाळी? ट्रॅफिकमध्ये?'

'नाही काका, पेट्रोल भरल्यावरच.'

'पाचशेचं टाकल्यावर की टाकी फुल्ल केल्यावर?'

आठवून पाहिलं. तिन्ही वेळा टाकी फुल्लच केली होती.

काका हसले. 'मग पंपाला कशाला दोष देताय? टाकी कधी भरली हे त्याला कुठं कळतंय!'

वाफेचा हिशेब

पेट्रोलची वाफ सतत होत असते, गाडी नुसती उभी असली तरी. ती हवेत गेली, तर नायट्रोजन ऑक्साइड आणि उन्हाच्या साथीने जमिनीलगत ओझोन तयार होतो, फुफ्फुसांना घातक असा. म्हणून कॅलिफोर्नियात १९७० पासून आणि सगळ्या अमेरिकेत १९७१ पासून नव्या गाड्यांमध्ये ही वाफ अडवायची सोय आली. आपल्याकडेही बीएस-४ आणि बीएस-६ नियमांत त्यावर मर्यादा आहे. सीलबंद खोलीतल्या चाचणीत गाडीतून २ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ निसटता कामा नये.

काम साधं आहे. टाकीतली वाफ कोळशाने भरलेल्या एका डब्यात जाते. याला कॅनिस्टर म्हणतात. कोळसा ती धरून ठेवतो. गाडी नीट चालू लागली की कॉम्प्युटर 'पर्ज व्हॉल्व्ह' उघडतो आणि वाफ इंजिनात जळून जाते. एरवी हा व्हॉल्व्ह बंद असतो.

आमचा व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल, असा काकांचा अंदाज होता. टाकी भरताना वाफ डब्याकडे ढकलली जाते आणि तिथून थेट इंजिनात. इंजिन गुदमरतं. ॲक्सिलरेटर दाबला की जास्त हवा मिळते, म्हणून सुरू होतं. इतर वेळी डब्यात वाफ कमी असते, मग त्याच वाटेने नुसती हवा शिरते. पी०१७१ आला तो म्हणून!

बोटाची परीक्षा

पण अंदाजावर पार्ट बदलायचा नाही, हा काकांचा नियम. थंड इंजिन सुरू करून त्यांनी डब्याकडून येणारी नळी काढली आणि मला व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. व्हॉल्व्ह बंद असेल, तर काहीच जाणवायला नको. माझं बोट मात्र आत ओढलं जात होतं. मग काकांनी व्हॉल्व्हच्या वायरचं सॉकेट काढलं. तरी ओढ तशीच! म्हणजे कॉम्प्युटर त्याला उघडत नव्हता, तो स्वतःच अडकला होता.

नाना पेठेतून नवा व्हॉल्व्ह आणला. १२०० रुपये. त्याच संध्याकाळी मुद्दाम टाकी फुल्ल केली. गाडी एका चावीत सुरू! विकायचा विषय पुन्हा निघालेला नाही.

गंमत म्हणजे आमच्याकडे पीयूसी होतं. पीयूसी सायलेन्सरमधला धूर तपासतं. टाकीकडची ही यंत्रणा त्यात तपासलीच जात नाही. त्यामुळे पेट्रोलचा वास येत असेल, तर 'पीयूसी आहे ना' म्हणून गप्प बसू नका. आधी टाकीचं झाकण आणि त्याचा रबर बघा, मग मेस्त्रीला गाठा. नळ्या स्वतः काढत बसू नका, पेट्रोलची वाफ पटकन पेट घेते. आणि कोड आला की विचारा, 'हा पार्ट खराब आहे, हे तपासलं कसं?' कोड फक्त कुठे शोधायचं ते सांगतो, काय बदलायचं ते नाही.

जाताना काकांनी आणखी एक सांगितलं. नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं. वरून ओतलेलं पेट्रोल त्या डब्यात उतरलं, तर कोळसा खराब होतो.

परवा पंपावरच्या दादाने नेहमीप्रमाणे विचारलं, 'मॅडम, राउंड फिगर करू?'

आजीच मागून म्हणाली, 'नको रे बाबा!'