पस्तीस लाईट

गरम पाण्याच्या ट्रेमधून टेक्निशियनने जाळी उचलली तेव्हा ती ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. मघाशी हीच जाळी पांढरी आणि पत्र्यासारखी कडक होती. "मामा, डोळे मिटा. गरम लागेल, पण भाजणार नाही," असं म्हणत दोघांनी ती मामांच्या चेहऱ्यावरून खांद्यापर्यंत ताणली, टेबलावरच्या पाटीला खटाखट क्लिपा लावल्या आणि नाक, हनुवटी, भुवया बोटांनी दाबत राहिले. थोड्या वेळाने साचा काढून बाजूला ठेवला. मामांचं किंचित वाकडं नाकसुद्धा त्यात उतरलं होतं.

जिभेच्या मुळाशी कॅन्सर. बाहेरच्या बाकांवर 'रेडिएशन' कुणी म्हणत नाही, "तुमच्या किती लाईट झाल्या?" असंच विचारतात. मामांना 35 लाईट होत्या, सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे, सोबत आठवड्याला एक केमो. किरणांची मात्रा रोज 2 ग्रे, एकूण 70. त्याआधी किडलेल्या दोन दाढा काढून जखम भरू दिली. किरण लागलेल्या जबड्यातून नंतर दात काढला तर कधीकधी हाडाची जखम भरत नाही, ते सडू शकतं.

साच्यासकट सीटी स्कॅन झाला. त्याच्या प्रत्येक कापावर डॉक्टर रेघा आखतात: गाठ, मानेतल्या गाठी, मज्जारज्जू आणि कानाखालच्या लाळग्रंथी. फिजिसिस्ट मॅडमनी मला स्क्रीनवर दाखवलं. गाठीभोवती किरणांचा रंग गडद, लाळग्रंथीजवळ येताच तो आत वळसा घेतो. मशीन डोक्याभोवती फिरताना टंगस्टनच्या पातळ पट्ट्या आतबाहेर सरकत किरणांना हा आकार देतात. या वळशासाठी केवढी धडपड! ब्रिटनमधल्या पार्सपोर्ट चाचणीचे निष्कर्ष 2011 मध्ये छापून आले. जुन्या पद्धतीने किरण घेतलेल्यांपैकी 74 टक्के जणांचं तोंड वर्षानंतरही त्रासदायक कोरडं होतं. असा वळसा घेऊन ग्रंथी वाचवणाऱ्या 'आयएमआरटी' पद्धतीनंतर हे प्रमाण 38 टक्के होतं. लाळ नसली की भाकरीचा घास घशात अडकतो. जन्मभर भाकरी खाल्लेल्या माणसाला याहून वेगळं काय समजावायचं?

तिसऱ्या आठवड्यात तोंडभर फोड आले. "मीठ कळत नाही गं, सगळं मातीसारखं लागतं," मामा मामीला म्हणाले आणि ताट सरकवलं. 68 किलोंचे 61 झाले. विसाव्या लाईटला टेक्निशियनने साचा बसवला, गाल आणि जाळी यांच्यामध्ये बोट घातलं. ते सहज आत गेलं.

त्या दिवशी लाईट थांबली. मॅडमनी कारण सांगितलं तेव्हा मी हादरलो. साचा सैल झाला की डोकं हलतं आणि हिशेब तर मिलिमीटरचा. त्यातून गाल आत गेले की लाळग्रंथीही आकसून आत सरकतात, म्हणजे ज्यांना वाचवायला वळसा घातला त्याच किरणांच्या जवळ जातात. वजन टिकवणं हा उपचाराचाच भाग आहे, हे आम्हाला कुणी असं उलगडून सांगितलं नव्हतं. 'पौष्टिक खा' एवढंच कागदावर होतं. पहिल्याच दिवशी, वाट्या-पेल्यांच्या मापात आणि या कारणासकट ते सांगायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

अन्नासाठी नाकातून नळी घालायला मामा तयार नव्हते. मामीने वाद घातला नाही; नुसती त्यांच्याजवळ बसून राहिली. संध्याकाळी ते "घाला" म्हणाले. मग दर दोन तासांनी नाचणीची पातळ पेज, दूध, डाळीचं पाणी. मामी प्रत्येक गोष्ट दोनदा मलमलीतून गाळायची, कारण एक कणही नळीत अडकायला नको. वहीत वेळ आणि मिली लिहायची. तिची ती वही आणि मॅडमचा स्क्रीन मला एकाच कामाचे दोन भाग वाटायला लागले.

नवा साचा केला, पुन्हा सीटी, पुन्हा रेघा. पुढच्या लाईटला मामा टेबलावर आडवे झाले, क्लिपा लागल्या. टेक्निशियनने गालापाशी बोट घालून पाहिलं. गेलं नाही.