बोगद्यात कानांवर हात

कामशेतच्या एका आजींनी विचारलंय : मुंबईला जाताना गाडी खंडाळ्याच्या बोगद्यात शिरली, की नातू कानांवर हात गच्च दाबून रडतो. शर्टाच्या मानेचं लेबल त्याला टोचतं. भुशी धरणावरच्या गर्दीत तर तो सैरभैर होतो. घरचे म्हणतात, लाडावलाय. खरंच तसं असेल का?

आजी, लाडांवर खापर फोडायची घाई नको. आधी कान तपासून घ्या. लोणावळा ते कर्जत ५०० मीटरहून अधिक उतार आहे. हवेचा दाब बदलतो आणि सर्दी असली तर कान दुखतात. कान ठणठणीत असतील, तर मात्र प्रश्न मेंदूचा. बोगद्यात गाडीचा खडखडाट भिंतींवर आदळून परत येतो. बहुतेकांचा मेंदू तो थोड्या वेळात मागे सारतो; काहींना ते जमत नाही. आवाज, स्पर्श, उजेड सगळंच पुराच्या इंद्रायणीसारखं एकदम अंगावर येतं.

अमेरिकेतल्या जीन एअर्स यांनी १९७२च्या पुस्तकात याची सविस्तर मांडणी केली. त्वचा, स्नायू-सांधे आणि आतल्या कानातला तोल यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांची मेंदूत नीट सांगड बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. हा व्यवसाय आपल्याकडे रुजवला कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन, लग्नानंतर इथल्याच झालेल्या या बाईंनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये त्याचं शिक्षण सुरू केलं. आज मुलाला झोक्यावर बसवून उपचार करणाऱ्या थेरपिस्टच्या खोलीत त्यांचा फोटो क्वचितच दिसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मात्र सावध राहा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली बजावलं, की संवेदनांच्या या गोंधळाला स्वतंत्र आजाराचं नाव देऊ नका. उपचारांचे पुरावेही मर्यादित आहेत. २०१३ पासून मानसविकारांच्या अमेरिकन सूचीत ही लक्षणं स्वमग्नतेच्या निकषांत आहेत; पण अशी लक्षणं दिसणारं प्रत्येक मूल स्वमग्न नसतं. म्हणून ‘अमुक बैठकांत मूल बदलेल’ अशी हमी देणाऱ्याकडे पैसे भरू नका. नावाचा वाद डॉक्टरांना घालू दे. पोराचा त्रास खरा आहे.

लेबल कापून टाका. बोगदा येण्याआधी त्याला सांगा, कानांवर जाड हेडफोन द्या. भुशीला रविवारऐवजी मंगळवारी सकाळी न्या. खाणं, झोप किंवा शाळा अडू लागली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि मिक्सर सुरू होताच अंगणात जाणारं मोठं माणूस घरात असेल, तर बोगद्यात नातवाशेजारी त्यालाच बसवा.