विश्लेषण : रत्नागिरीत थीम पार्क झाले तर? चकव्याची राइड, आगबोटीचा प्रवास आणि खरा प्रश्न – जागा कुठली?

जगात कुठेही नवे थीम पार्क येणार म्हटले, की कंपनीचा आराखडा जाहीर होण्याआधीच चाहत्यांचे नकाशे तयार होतात. इथे हे लँड, तिथे ती राइड, उपाहारगृहात अमुक पदार्थ. असाच एक नकाशा रत्नागिरी जिल्ह्यासाठी काढायचा ठरवला तर त्यात काय असेल? हा कोणत्याही मंजूर प्रकल्पाचा आराखडा नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र कोकणात मोठ्या मनोरंजन प्रकल्पाची चर्चा अधूनमधून होतच असते. त्या चर्चेत राइड किती उंच असावी यापेक्षा ती कोणत्या जमिनीवर उभी राहावी, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

‘लँड’ म्हणजे नेमके काय?

जत्रेतला आकाशपाळणा कुठेही नेऊन उभा करता येतो. थीम पार्कमधली राइड तशी उचलता येत नाही, कारण ती एका गोष्टीचा भाग असते. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडले तेव्हा त्याचे पाच भाग होते आणि प्रत्येक भागाचा काळ, इमारती, संगीत, कर्मचाऱ्यांचे कपडे वेगळे होते. अशा भागाला ‘लँड’ म्हणतात. एका लँडमध्ये उभे राहिल्यावर दुसरे दिसू नये, हा त्यातला साधा पण खर्चिक नियम.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले, पण ते मुख्यतः राइड्सचे उद्यान होते. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये आले आणि गोष्टीवर आधारलेल्या राइड्स मोठ्या प्रमाणावर आल्या. तिथल्या एका जलसफरीचा नायक राजासॉरस आहे. नर्मदेच्या खोऱ्यात ज्याचे जीवाश्म सापडले तोच हा डायनोसॉर. परदेशी टी-रेक्स आणून ठेवणे सोपे होते; देशी प्राणी निवडल्यामुळे त्या राइडला स्वतःचे काहीतरी मिळाले. रत्नागिरीच्या नकाशालाही हीच कसोटी लावायला हवी. जी राइड खोपोलीत किंवा हैदराबादेत जशीच्या तशी चालेल, तिच्यासाठी कोणी कशेडी घाट ओलांडून का यावे?

‘सी-वर्ल्ड’चे काय झाले?

शेजारच्या सिंधुदुर्गात, मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणी परिसरात ‘सी-वर्ल्ड’ उभारण्याची घोषणा होऊन दशक उलटले. समुद्री जीव, मत्स्यालय, पर्यटन, रोजगार असे सगळे त्यात होते. सुरुवातीचा आराखडा तेराशे एकरांच्या पुढचा होता. घरे, बागा, देवस्थाने जाणार म्हणून ग्रामस्थांनी विरोध केला. मग क्षेत्र साडेतीनशे एकरांपर्यंत खाली आणण्याची भाषा झाली. तरी प्रकल्प उभा राहिला नाही. लोकांना समुद्री जीव नको होते असे नाही. आधी जमीन आणि मग कल्पना, हा क्रम त्यांना मान्य नव्हता.

गणपतीपुळ्याजवळचे ‘प्राचीन कोकण’ हे याच्या नेमके उलट उदाहरण. झाडीत वसवलेले छोटे खुले संग्रहालय, पाचशे वर्षांपूर्वीच्या कोकणी जीवनाची पुतळ्यांतून मांडणी आणि पायी हिंडत गोष्ट ऐकवणारे मार्गदर्शक. राइड एकही नाही. तरी देवदर्शनाला आलेली कुटुंबे तिथे वळतात.

भुताटकीचे लँड : चकव्याला तंत्रज्ञान सापडले आहे

कोकणासाठी कल्पना मागितल्या तर पहिले उत्तर भुतांचे येणार. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ मध्ये आली आणि तिचे चित्रीकरण झालेला आकेरीचा वाडा पाहायला पर्यटकांच्या गाड्या लागल्या. म्हणजे मागणी आहे.

पण सांगाडे उड्या मारतात अशी ‘हॉरर हाउस’ देशभर आहेत. कोकणाचे खास भूत म्हणजे चकवा. तो अंगावर येत नाही, दात दाखवत नाही. रात्री ओळखीच्या वाटेवरून निघालेला माणूस चालत राहतो आणि पुन्हा त्याच आंब्याखाली येतो, एवढेच. आता तंत्राकडे पाहा. टोकियो डिस्नीलँडमध्ये २००० साली रूळ नसलेली राइड सुरू झाली. तिथल्या गाड्यांना जमिनीवर दिसणारा मार्गच नाही. संगणक त्यांना वेगवेगळ्या वाटांनी नेतो, गोल फिरवतो, एकमेकींना चुकवतो. ही यंत्रणा जणू चकव्यासाठीच बनली आहे! कंदील लावलेली गाडी पाणंदीतून निघते, तीन वळणे घेते आणि पुन्हा त्याच पारापाशी येते. फक्त या वेळी पारावर बसलेला म्हातारा नसतो. शेजारची गाडी दुसऱ्याच वाटेने गेलेली असते, त्यामुळे बाहेर आल्यावर दोन भावंडांनी पाहिलेली गोष्ट सारखी नसते.

राखणदार आणि वेतोबा यांना मात्र या राइडमध्ये आणू नये. ती गावची श्रद्धास्थाने आहेत, त्यांना नारळ दिला जातो. त्यांना भूत करून ठेवले तर पहिल्याच दिवशी वाद होईल आणि तो योग्यच असेल.

बंदराचे लँड : आगबोटीचा प्रवास

सर्वांत श्रीमंत कल्पना हीच आहे. रस्ते धड नव्हते, रेल्वे नव्हती, तेव्हा मुंबई आणि कोकण यांना आगबोटीने जोडलेले होते. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट बंदरे घेत दक्षिणेकडे यायची. बोट थेट लागेल असा धक्का अनेक बंदरांना नव्हता. ती खोल पाण्यात थांबायची आणि उतारू ट्रंका, वळकट्या, पोरेबाळे घेऊन हलत्या होडीत उतरायचे. पावसाळ्यात वाहतूक बंद. गिरणीत काम करणाऱ्या चाकरमान्याचे घरी येणे या वेळापत्रकावर ठरायचे.

यातून नौकेची राइड सहज तयार होते. पाण्याचा उथळ पाट, पंपाने दिलेला प्रवाह आणि त्यात तरंगणाऱ्या नावा हे तंत्र डिस्नीच्या समुद्री चाच्यांच्या राइडने १९६७ मध्येच रूढ केले. रांगेत उभे असतानाच मुंबईचा धक्का: तिकीटखिडकी, हमाल, भोंगा. मग डेकवरची रात्र, दीपगृहाचा फिरता झोत, पहाटे दिसणारा रत्नदुर्ग आणि शेवटी आगबोटीतून होडीत उतरण्याचा तो एक धडधडीचा क्षण. इथे प्रवाशाला खरोखर थोडे भिजवावे.

हिशेबही जमतो. वीस आसनांची नाव दर तीस सेकंदांना सोडली तर तासाला २,४०० माणसे जातात. चार आसनांची गाडी त्याच वेगाने सोडली तर जेमतेम ४८०. चाहत्यांच्या नकाशांत हा आकडा हमखास राहून जातो आणि मग मे महिन्यात दोन-दोन तासांच्या रांगा लागतात. चकव्याची गाडीही म्हणून आठ-दहा जणांची हवी.

१७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट रेवसला जाताना बुडाली आणि शेकडो लोक गेले. त्या घटनेची राइड करण्याचा मोह कोणाला झाला तर तो आवरायला हवा. बंदराच्या एका भिंतीवर माहिती आणि शांत बसायला जागा, इतके पुरेसे आहे.

आंबा, रेल्वे आणि थिबा

लहान मुलांसाठी आंब्याची बाग. पेटीच्या आकाराच्या गाडीत बसायचे, मोहोरापासून वाशीच्या बाजारापर्यंत जायचे. वाटेत तुडतुडे आणि माकडे हुसकवली की गुण मिळणार. घळीने आंबा अलगद उतरवण्याचा खेळही ठेवता येईल. देठ तुटला, आंबा पडला, की गुण कमी. हे बागायतदारांना विचारून करावे. माकडांचा विषय त्यांच्यासाठी खेळ नाही.

रोलर कोस्टर हवाच असेल तर त्याची गोष्ट कोकण रेल्वेने तयार ठेवली आहे. जिल्ह्यातच ६४ मीटर उंच खांबाचा पानवलचा पूल आहे, साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे आणि उक्षी स्थानकाजवळ रानपाटचा धबधबा. उंची, अंधार, पाणी हा क्रम कोणत्याही कोस्टर आखणाऱ्याला आवडेल.

थिबा राजा मात्र राइडचा विषय नव्हे. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला १८८५ मध्ये पदच्युत करून इंग्रजांनी पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणले. राजवाडा बांधून व्हायला १९१० उजाडले आणि १९१६ मध्ये राजा इथेच गेला. तीस वर्षांची ही नजरकैद खऱ्या राजवाड्यातच पाहावी. तो शहरात उभा आहे. त्याची फायबरची प्रतिकृती करून पर्यटकाला तिथून अडवण्यात काय शहाणपण?

यंत्रांऐवजी माणसे चालतील का?

चालतात. फ्रान्समधील पुई द्यू फू या पार्कमध्ये नेहमीच्या अर्थाने राइड्स नाहीत. १९७८ मध्ये एका उद्ध्वस्त वाड्यासमोर गावकऱ्यांनी रात्रीचा खेळ सुरू केला. आज त्यात आसपासच्या गावांतील हजारो स्वयंसेवक भाग घेतात आणि त्याभोवती मोठे पार्क वाढले आहे.

रत्नागिरीकडे नमन-खेळे आहेत. काळ्या वेशातला संकासूर, गवळणी, मृदुंगाची साथ. रात्रभर चालणारा प्रकार. गावोगावी मंडळे आहेत, तालमी होतात, पण बहुतेक कलाकारांना वर्षभर उत्पन्न नाही. पार्कमध्ये रोज चाळीस मिनिटांचे नमन ठेवून मंडळांना पाळीपाळीने, ठरलेल्या मानधनावर बोलावले तर हा सगळ्या नकाशातला सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत टिकाऊ भाग ठरेल. अट एकच, शिमग्यात मंडळे गावी असणार. शिमग्याची पालखी तर पार्कमध्ये नाचवूच नये. ती देवाची आहे आणि तिचे घर ठरलेले आहे.

पावसाचे काय करणार?

जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मे महिन्यात पर्यटक येतात तेव्हा अनेक वाड्यांवर पाण्याचे टँकर फिरत असतात. म्हणजे चार महिने छप्पर हवे आणि गर्दीच्या वेळी पाणी हवे. लोखंडाला खारी हवा खाते, हा देखभालीचा खर्च वेगळाच. चकवा आणि आगबोट या दोन्ही कल्पना बंदिस्त असल्याने पावसाळ्यात चालू शकतात. रांगांवरच्या छपरांना इरल्याचा आकार देता येईल. भातलावणीला तेच पाठीवर असायचे.

मग जागा कुठली?

किनाऱ्यालगत भरतीरेषेपासून ठरावीक पट्ट्यात बांधकामावर सीआरझेडचे निर्बंध आहेत. उतारांवर बागा, खाली वस्ती आणि शेती. त्यामुळे प्रत्येक मोठ्या प्रकल्पाची नजर वरच्या सड्यावर जाते. जांभ्या दगडाचे हे सपाट कातळ सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून नोंदलेले असतात आणि उन्हाळ्यात उजाड दिसतात.

पण याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून ती उजेडात आणली. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही जिल्ह्यातील सात ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. काही चित्रांत गेंडा दिसतो, जो आज कोकणात नाही. शिवाय पावसाळ्यात याच कातळावर सीतेची आसवे, गेंद यांची इवली फुले उमलतात आणि मुरलेले पाणी खालच्या विहिरींना मिळते. कातळशिल्पांचे लँड करण्यासाठी सडा सपाट करणे, यापेक्षा मोठा विनोद सापडणार नाही. उक्षीत गावानेच पुढाकार घेऊन शिल्प जपले आहे. पार्कने प्रतिकृती दाखवावी, माणसांना वरून पाहायला लावावे आणि मग मोजक्या संख्येने खऱ्या ठिकाणी पाठवावे.

पर्याय सड्याच्या शेजारीच आहे. चिरे काढून झालेल्या, सोडून दिलेल्या खाणी. उभ्या कापलेल्या भिंतींचे हे लाल चौकोनी खड्डे पावसात भरतात आणि गुरे, मुले पडण्याचा धोका होऊन बसतात. खाणीत पार्क ही कल्पना नवी नाही. टेक्सासमधील सिक्स फ्लॅग्ज फिएस्टा १९९२ मध्ये चुनखडीच्या जुन्या खाणीत उभे राहिले आणि तिथल्या कड्यांचा वापर रोलर कोस्टरसाठी केला गेला. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच बांधायला मनाई असल्याने १९९४ चा ‘नेमेसिस’ कोस्टर जमिनीत खड्डा करून बसवला. रत्नागिरीत तो खड्डा आयता आहे. खोलात राइड बसली तर सड्याची आडवी रेघ बिघडत नाही आणि एका लँडमधून दुसरे दिसत नाही, हा सुरुवातीचा खर्चिक नियम फुकटात पाळला जातो.

अडचणी आहेतच. खाणींची मालकी तुकड्यातुकड्यांत असते, जांभ्याचे कडे किती भार घेतील हे प्रत्येक ठिकाणी तपासावे लागेल आणि पाण्याचा निचरा हे मोठे काम आहे. कॉर्नवॉलच्या ‘ईडन प्रोजेक्ट’ला हाच अनुभव आला. चिनी मातीच्या जुन्या खाणीत काम सुरू झाले आणि पावसाने खड्डा भरला. तिथल्या अभियंत्यांनी निचऱ्याची व्यवस्था बसवली आणि खड्ड्यात जमणारे पाणी प्रकल्पालाच वापरायला घेतले; २००१ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. रत्नागिरीच्या पावसाचा हिशेब केला तर एक हेक्टरच्या खाणीत वर्षाला तीन कोटी लिटर पाणी नुसते आकाशातून पडते. जांभा सच्छिद्र असल्याने त्यातले बरेच झिरपून जाईल, म्हणून तळाला अस्तर लागेल. तेवढे केले तर आगबोटीच्या पाटात मे महिन्यात टँकर ओतावा लागणार नाही.