ओढ्याच्या गाळातून खनिजाचा माग

जमिनीखाली धातूचे खनिज दडलेले असेल, तर ते वरून कसे ओळखायचे? जागोजागी खोल भोके पाडून पाहणे परवडत नाही. म्हणून भूवैज्ञानिक आधी ओढ्यातील गाळाकडे वळतात. पाऊस डोंगरावरचे खडक झिजवतो आणि त्यांचा चुरा ओढ्यात आणून टाकतो. त्यामुळे ओढ्यातला मूठभर गाळ म्हणजे वरच्या साऱ्या पाणलोट क्षेत्राचा नमुनाच असतो.

याच तत्त्वावर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २००१ साली देशाचे भूरासायनिक नकाशे करण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी नकाशावर एक-एक चौरस किलोमीटरचे चौकोन आखतात. चार चौकोनांतील गाळ एकत्र करून त्यातील सुमारे साठ मूलद्रव्यांचे प्रमाण मोजतात. हे प्रमाण बहुधा पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असे सांगतात.

इतक्या सूक्ष्म मोजणीत लहानशी चूकही महागात पडते. गाळ पितळी चाळणीने चाळला, तर चाळणीतलेच तांबे आणि जस्त नमुन्यात उतरते. म्हणून नायलॉनची किंवा पोलादी चाळणी वापरतात आणि गाळ गोळा करणारा हातातली अंगठी काढून ठेवतो. एकाच नमुन्याचे दोन भाग वेगवेगळे क्रमांक देऊन प्रयोगशाळेत पाठवतात. दोन्ही उत्तरांत ३० पीपीएमचा फरक पडत असेल, तर दोन ठिकाणांमधल्या २० पीपीएमच्या फरकावर विसंबता येत नाही.

आकडे हाती आले, की खरा प्रश्न सुरू होतो. समजा, एका नमुन्यात तांबे १३० पीपीएम निघाले. हे जास्त की कमी? ग्रॅनाइटच्या प्रदेशात हा आकडा पाहून भूवैज्ञानिक सावध होईल, कारण तेथे तांबे साधारणपणे २० पीपीएमच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. पालघर तालुका मात्र मुख्यतः बेसॉल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. दख्खनच्या या खडकात मुळातच १०० ते २०० पीपीएम तांबे असते. म्हणजे येथे १३० हा आकडा अगदी सामान्य होय. अशा नेहमीच्या प्रमाणाला पार्श्वमूल्य म्हणतात. त्याहून ठळकपणे वेगळा आकडा म्हणजे विसंगती. शोध घ्यायचा तो विसंगतीचा.

आता एक काल्पनिक उदाहरण सोडवू या. नऊ नमुन्यांत तांबे असे आहे : ११८, १२५, १३०, १२२, १२७, १३५, १२१, १२९ आणि ४१०. यांची सरासरी सुमारे १५७ येते. पण नऊपैकी आठ नमुने तिच्या खालीच आहेत! एका मोठ्या आकड्याने सरासरी वर ओढली. आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घेतला, तर १२७ मिळतो. पार्श्वमूल्य म्हणून हा मध्यक अधिक विश्वासाचा.

मग ४१० आले कोठून? गाळात जड काळी वाळू साठली असेल, तर तांब्याबरोबर लोह, टायटॅनियम आणि व्हॅनेडियमही वाढलेले दिसते. तसे नसेल, तर ओढ्याने वर चालत जायचे. पालघर-मनोर दरम्यानच्या डोंगरातून सूर्या नदीकडे जाणाऱ्या एखाद्या ओढ्यात प्रमाण उगमाकडे वाढत गेले, तर कारण खडकात असण्याचा संभव आहे. बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीजवळच्या नाल्यात मात्र वाढ सांडपाणी मिसळण्याच्या जागेपासूनच सुरू होत असेल आणि खालच्या जुन्या थरापेक्षा वरच्या ताज्या थरात ती जास्त असेल, तर संशय कारखान्यांवर जातो.

हा भेद केवळ खाणकामापुरता नाही. तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध मांगेला मच्छीमार समाजाची संस्था २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना भरपाई भरण्याचा आदेश दिला. गाळातील धातूंचा वाद अशा ठिकाणी केव्हाही उभा राहू शकतो. तेव्हा बेसॉल्टचे पार्श्वमूल्य ठाऊक नसेल, तर निसर्गाने दिलेले तांबे कारखान्याच्या नावावर मांडले जाईल, किंवा कारखान्याने सोडलेले तांबे ‘येथला खडकच तसा’ म्हणून झटकले जाईल. खनिज शोधण्यासाठी जमवलेले आकडे अशा वेळी नदीकाठच्या आणि खाडीकाठच्या माणसांच्याही उपयोगी पडतात.

शाळेत रासायनिक पृथक्करण शक्य नसले, तरी नमुना घेण्याची शिस्त शिकवता येते. पावसाळा संपल्यावर गावच्या स्वच्छ ओढ्यातील तीन ठिकाणचा गाळ प्लॅस्टिकच्या चमच्याने घ्यावा. सांडपाण्याच्या नाल्यात मुलांना उतरवू नये. गाळ वाळवून, चाळून, समान वजनाच्या नमुन्यांवरून कागदात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे आणि चिकटलेली काळी वाळू तोलावी. प्रत्येक ठिकाणी दोनदा मोजावे. जागा, तारीख आणि आजूबाजूचा खडक वहीत लिहावा. या नोंदी नसतील, तर वाळूच्या वजनाचा आकडा कितीही अचूक असला तरी त्यातून काही सांगता येणार नाही.