सात अक्षरांचा हिशेब

१९८४ साली मी बँकेत अधिकारी म्हणून रुजू झालो, तेव्हा सुरुवातीचे दोन महिने प्रशिक्षण केंद्राच्या वसतिगृहात काढले. रात्री जेवणं उरकली की तिथे दोन टेबलं भरत. एकावर रमी, दुसऱ्यावर स्क्रॅबल. रमीच्या टेबलाशी जायला मला पैशाची भीती वाटे आणि स्क्रॅबलच्या टेबलाशी जायला इंग्रजीची. तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलेला मी. इंग्रजीत कर्जप्रस्ताव लिहू शकत होतो. पण चारचौघांत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडायचा. एका रात्री चौथा भिडू मिळेना, म्हणून मला ओढून बसवलं.

थोड्या वेळाने माझ्या सात सोंगट्यांत ‘पी’, ‘यू’, ‘जे’, ‘ए’ ही अक्षरं आली. मला दुसरं काही सुचेना. मी ‘पूजा’ मांडली. समोरचा कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला भिडू मोठ्याने हसला. “अरे बाबा, हा इंग्रजी खेळ आहे, सत्यनारायण नव्हे!” त्याने रीतसर हरकत घेतली. शब्द कोशात नसेल तर सोंगट्या उचलायच्या आणि पाळी गमवायची. जाडजूड कोश उघडला गेला. पानं उलटताना माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. आणि शब्द होता! चार अक्षरांचे तेरा गुण, घर दुपटीचं म्हणून सव्वीस.

तो डाव मी हरलोच. पण खेळाचं वेड लागलं ते लागलंच.

हा खेळ निघाला तोही हिशेबातून. आल्फ्रेड बट्स हा न्यूयॉर्कचा वास्तुरचनाकार १९३० नंतरच्या महामंदीत बेकार झाला. त्याने वर्तमानपत्रांची पानं समोर घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून सोंगट्यांची संख्या आणि किंमत ठरवली. शंभरांपैकी बारा ‘ई’, प्रत्येकी एक गुण. ‘क्यू’ आणि ‘झेड’ एकेकच, पण दहा-दहा गुणांचे. ‘एस’ मात्र फक्त चार. नाहीतर जो तो शब्दाला ‘एस’ जोडून अनेकवचनावरच जगला असता. खेळणी बनवणाऱ्यांनी खेळ नाकारला. पुढे जेम्स ब्रुनो याने १९४८ मध्ये त्याला ‘स्क्रॅबल’ हे नाव दिलं. दुसऱ्या वर्षी सुमारे चोवीसशे संच तयार झाले आणि धंद्यात साडेचारशे डॉलर तोटा आला. बँकेतल्या माणसाला हा आकडा फार ओळखीचा वाटतो.

शब्द शोधण्याचीही एक रीत असते. ‘आय-एन-जी’ आले की बाजूला एकत्र ठेवायचे. स्वर आणि व्यंजनं वेगळी करायची. सोंगट्यांची जागा सारखी बदलत राहायची, म्हणजे डोळ्याची सवय मोडते. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरं हाती आली तर भाग्यच. त्यांतूनच ‘रिटेन्स’ होतो, ‘नॅस्टिअर’ होतो आणि डोळ्यांतले ‘रेटिनाज’ही होतात. सातही सोंगट्या एकदम लागल्या की वर पन्नास गुण. इंग्रजी अक्षर सडंफटिंग असतं, कुठेही बिऱ्हाड हलवतं. आपलं अक्षर काना, मात्रा, वेलांटी असा संसार पाठीवर घेऊन हिंडतं. ‘कविता’ उलटी केली तर ‘ताविक’ होते. हाती काहीच लागत नाही.

सगळ्यात छळतो तो ‘क्यू’. त्याला ‘यू’चा आधार लागतो आणि तो हाती नसला की भले भले इंग्रजीवाले हात टेकतात. पण आजच्या स्पर्धांच्या शब्दसूचीत ‘यू’शिवायचे ‘क्यू’ शोधा. चिनी ‘ची’ सापडते. मग भेटतात फकीर आणि कव्वाली! अरबीतलं घशातून उच्चारायचं एक अक्षर रोमन लिपीत ‘क्यू’ म्हणून लिहितात, त्याची ही किमया. उरुसाला जाणाऱ्या माझ्या आजीला हे दोन्ही शब्द ठाऊक होते. इंग्रजीचं एक अक्षर न येता. ‘मंगूज’ तर थेट आपलं मुंगूस. घराच्या परसातून निघून ते इंग्रजी कोशात कधी शिरलं, आपल्याला पत्ताही लागला नाही.

मग शब्द माहीत असणं म्हणजे नेमकं काय? न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स हा इंग्रजी स्क्रॅबलचा जगज्जेता. त्याने २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतलं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि २०२४ मध्ये स्पॅनिशमधलं. दोन्ही भाषा त्याला बोलता येत नाहीत. फ्रेंच शब्दसूची त्याने सुमारे नऊ आठवड्यांत पाठ केली होती म्हणे. मला त्याच्या जागी आमचा हेड कॅशिअर दिसतो. दिवसाला लाखोंच्या नोटा त्याच्या बोटांखालून जात. कोणती नोट लग्नाची, कोणती दवाखान्याची, हे तो विचारत नसे. विचारलं असतं तर मोजणी चुकली असती. रिचर्ड्सचंही तसंच. मी मात्र कादंबरीकार. नोट हाती आली की खातेदाराचा चेहरा शोधतो. त्यामुळे मोजणीत मागे पडतो आणि स्क्रॅबलमध्येही हरतो.

लहानपणी आम्ही भेंड्या खेळायचो. कुणी मुद्दाम ‘ळ’ आणून ठेवला की आजी म्हणायची, “ल चालेल रे.” ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही, ही भाषेची अडचण, ‘ल’ चालेल, ही माणसांची सोय. प्रत्येक भाषा अशा सोयींवरच तर चालते. एकीकडे नसलं की शेजारून मागून आणायचं. इंग्रजीने तेच केलं, फक्त आणलेलं परत केलं नाही.

त्या रात्रीनंतर माझं इंग्रजी एकदम सुधारलं, असं मुळीच नाही. साहेबांपुढे अडखळणं निवृत्तीपर्यंत चालूच राहिलं. पण इंग्रजी कोशाच्या दाराशी चपला काढून अवघडत उभं राहणं मात्र संपलं. आत आपली माणसं आहेत, हे मला कळलं होतं.